माणसे मोजणाऱ्या इरावतीबाई

(एस. वाय. बी. ए., समाजशास्त्र)

आमच्या घरी मेंढरे आहेत. माण तालुक्यात पाऊस बेताचाच, म्हणून दिवाळी झाली की आबा कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात, बागायतदारांच्या शेतात मेंढरे बसवतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. आबांना सही करता येते, तेवढेच त्यांचे लिहिणे. पण एक गोष्ट ते न चुकता करतात. कळपातला मेंढा दोन वर्षांच्या वर ठेवीत नाहीत. म्हसवडच्या बाजारात तो देऊन लांबच्या कळपातला दुसरा आणतात. त्याच्याच लेकी मोठ्या होऊन त्याच्यापासून गाभण राहिल्या तर कोकरे किडकिडीत निपजतात आणि मरतूक वाढते, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितले आणि त्यांच्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी.

याच आबांनी माझ्या आक्काला आपल्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला दिले. आत्याचे घर आटपाडीकडे, म्हणजे सांगली जिल्ह्यात. पण आमच्या गावापासून मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता. देणेघेणे नाही, मानपान नाही, पोरगी आपल्याच माणसांत राहील, हा आबांचा विचार. तो खोटाही ठरला नाही. आत्या आक्काला लेकीसारखी वागवते. फक्त आक्काचा मुलगा चार वर्षांचा झाला, त्याला ऐकू येत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो नवरा-बायको नात्यातले आहेत का, हा. गावात मात्र आक्काने ग्रहणात काहीतरी चिरले असणार असे बोलले जाते. आणि गेल्या वर्षापासून आत्याच्या धाकट्या मुलासाठी माझे नाव निघू लागले आहे.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, मी ज्या विदुषीबद्दल लिहायला बसले आहे तिच्याकडे मी काही विद्वत्तेच्या ओढीने गेले नाही. समाजशास्त्राच्या तासाला सरांनी नातेसंबंधाचा धडा शिकवताना डॉ. इरावती कर्वे यांचे नाव घेतले, मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या चालीचा त्यांनी अभ्यास केला होता एवढे सांगितले, आणि मी त्याच दुपारी ग्रंथालयात गेले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. ग्रंथालयातले पुस्तक कसे मागायचे हेही मला पहिले वर्षभर धड ठाऊक नव्हते.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. ब्रह्मदेशातून वाहणाऱ्या इरावती नदीचे नाव त्यांनी मुलीला ठेवले. सातव्या वर्षी मुलीला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात आणून सोडले. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी ती त्यांच्या घरचीच होऊन वाढली. ज्या घरात दोन्ही भिंतींना पुस्तके असतात ते घर कसे असेल याची मला नीट कल्पना करता येत नाही. हेवा वाटतो हे मात्र कबूल करते. १९२६ साली त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. मुंबईस डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ साली एम. ए. झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

जर्मनीला जाऊन पुढे शिकायचे ठरले तेव्हा विरोध झाला, आणि आश्चर्य म्हणजे तो महर्षींकडूनच झाला. ज्यांनी विधवांना शिकवले, बायकांसाठी विद्यापीठ काढले, त्यांना सुनेचे परदेशी जाणे पटले नाही. मोठ्या माणसांच्याही घरात उंबरा असतो म्हणायचा. पण नवरा पाठीशी उभा राहिला, डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले (हेच पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले) आणि इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

बर्लिनच्या डालेम भागात १९२७ साली एक संस्था निघाली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन असे तिचे विषय. संचालक ऑयगेन फिशर हे त्या काळचे फार मोठे नाव. गोऱ्या युरोपियनांची बुद्धी इतरांपेक्षा वरचढ असते आणि ती वंशानेच आलेली असते, असे मानणाऱ्यांपैकी ते होते. त्यांची एक कल्पना अशी की, गोऱ्या माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक वाढलेला असल्याने त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि हा असारखेपणा म्हणजे श्रेष्ठपणाची खूण. ती सिद्ध करण्याचे काम पुण्याहून आलेल्या या तरुण विद्यार्थिनीकडे आले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, काही जर्मनांच्या ताब्यात असलेल्या आफ्रिकेतल्या मुलखातून आणलेल्या. त्या कवट्या कोणाच्या होत्या, कोणत्या मायबापांच्या लेकरांच्या होत्या, आणि त्या तेथवर कशा आणल्या गेल्या, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बाईंनी डावी-उजवी बाजू मिलिमीटरमध्ये मोजून तक्ते मांडले. असारखेपणा सगळ्यांतच होता. गोऱ्यांत होता, काळ्यांत होता. वंशाचा आणि त्याचा संबंध लागत नव्हता. तसेच त्यांनी लिहून दिले.

वाचकहो, हे वाचायला सोपे आहे. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांची नाराजी, आणि पदवी ज्यांच्या हातात त्यांचेच म्हणणे खोटे ठरत आहे. मला तर वर्गात सरांनी फळ्यावर चुकीचे साल लिहिले तरी हात वर करवत नाही. फिशरांनी प्रबंध नापास केला नाही, पण पास होण्यापुरतेच गुण दिले. १९३० साली इरावतीबाई डॉक्टर होऊन परत आल्या.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९३३ च्या जुलैमध्ये, हिटलरच्या सरकारने आनुवंशिक रोग असलेल्यांना मुले होऊ नयेत म्हणून सक्तीच्या शस्त्रक्रियेचा कायदा केला. सुमारे ४ लाख माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. फिशर आणि त्यांची संस्था या कारभाराच्या बाजूने उभी होती. त्या कायद्यात जे रोग मोजून दिले होते त्यांत जन्मजात आनुवंशिक बहिरेपणाही होता. हे मी ग्रंथालयात वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. माझा भाचा त्या वेळी आटपाडीला अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत असेल.

म्हणून मला वाटते, आनुवंशिकता कळणे ही एक गोष्ट आणि तिच्यावरून माणसांची वर-खाली रांग लावणे ही दुसरी. फिशरांनी या दोन गोष्टी एक केल्या. इरावतीबाईंनी कॅलिपर शेवटपर्यंत हातातून टाकला नाही, पण मोजलेले जे निघेल तेच लिहिले.

परतल्यावर काही वर्षे त्यांनी मुंबईस महिला विद्यापीठाचे काम पाहिले. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि मरेपर्यंत तेथेच राहिल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांची आठवण सांगतात. मंगळसूत्र, कुंकू त्यांनी वापरले नाही. नवऱ्याला नावाने हाक मारीत. आमच्याकडे अजून आई आबांना अहो म्हणते आणि तेही त्यांच्या पाठीमागे.

डेक्कन कॉलेजातून बाई भारतभर हिंडल्या. कोण कोणाला मुलगी देते, मामाला काय म्हणतात, सासऱ्याला काय म्हणतात, हे विचारीत आणि लिहून घेत. त्यातून १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. मला तो पूर्ण झेपला नाही, पण महाराष्ट्राचा भाग मी दोनदा वाचला. उत्तरेकडे नात्यात लग्न करणे हे पाप, मुलगी परक्या गावी द्यायची. दक्षिणेकडे उलटे, मामा-भाचीचे सुद्धा लग्न लागते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधे. आपल्याकडे मुलाने मामाची मुलगी करणे चांगले समजतात, आत्याची मुलगी मात्र करीत नाहीत. आमच्या वाड्यावस्त्यांवर नेमके असेच चालते! आबांनी लिहिता-वाचता न येता जो नियम पाळला तो या बाईने ग्रंथात नकाशा काढून मांडला होता. मला क्षणभर आपल्याच घरात कोणी चोरून येऊन गेल्यासारखे वाटले.

आणि ही चाल आजची नाही. अर्जुनाची सुभद्रा कोण? कुंतीचा भाऊ वसुदेव, त्याची मुलगी, म्हणजे मामाचीच. महाभारतावरच्या बाईंच्या 'युगान्त' या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बाईंचे नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना बहुधा याच पुस्तकामुळे असते. ते सगळ्यांनी वाचावे, मी त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

नात्यातल्या लग्नात घडते काय, हे समजायला मला विज्ञान शाखेच्या मैत्रिणीची मदत घ्यावी लागली. ब्रनो शहरातल्या मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८६६ साली ते छापले. १९०० सालापर्यंत त्याकडे कोणी फारसे बघितले नाही. त्याचे सार असे की, प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. एक प्रत बिघडलेली असली तरी पुष्कळ वेळा दुसरी काम निभावून नेते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. अशा काही बिघडलेल्या प्रती तुमच्या-माझ्या प्रत्येकाजवळ आहेत. परक्या माणसाजवळ नेमकी तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव थोडा. पण मामे-आते भावंडांचे आजी-आजोबा एकच. त्यांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा एकाच ठिकाणाहून आलेला असतो. दोघांजवळ तीच प्रत निघाली तर दर बाळंतपणाला चारात एक वेळ अशी की, मुलाला दोन्ही बिघडलेल्याच प्रती मिळतील. कानाच्या आतल्या शंखात कनेक्सिन २६ नावाचे एक प्रथिन लागते. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर मूल जन्मापासून बहिरे होते, आणि आपल्या देशात आनुवंशिक बहिरेपणाचे हे एक नेहमीचे कारण आहे.

यात आईचा दोष नाही आणि बापाचाही नाही. ग्रहणाचा तर नाहीच. परक्यांच्या लग्नात शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांत काही मोठे जन्मजात व्यंग असते, सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात ते सुमारे दुप्पट होते. म्हणजे नव्वदांहून अधिक मुले धडधाकटच असतात. म्हणूनच तर चाल टिकली. आमच्या भावकीतली अशी दहा घरे मी मोजली, नऊ घरांत काही नाही. दहावे आक्काचे.

हा प्रश्न एका घराचाही नाही. लग्ने जातीतच, त्यातही पोटजातीत होत राहिली की गटाचा गट एका मोठ्या कुटुंबासारखा होतो. जात म्हणजे वाढलेले नातेच, हे इरावतीबाईंचे मत होते. कैलाशचंद्र मल्होत्रा या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे, आपसात लग्ने न करणारे आठ गट मोजले. शरीराची मापे घेतली, रक्तगट पाहिले. १९६८ साली निष्कर्ष छापला तो असा की, नाव एक आणि दर्जा एक असला तरी हे गट एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. एकाच मूळ गटाची ती फुटलेली शकले आहेत असे मानता येत नाही. मल्होत्रांनी पुढे आम्हा धनगरांचाही असाच अभ्यास केला. हटकर, खुटेकर ही नावे इंग्रजी तक्त्यात पाहून मला हसू आले, थोडे बरेही वाटले.

बाईंवर टीकाही होते, तीही सांगितली पाहिजे. वंश हा शब्द त्या शेवटपर्यंत वापरीत राहिल्या, नाके-डोकी मोजून जातींचा इतिहास सापडेल असे मानीत राहिल्या. आज जनुकच थेट वाचता येतात आणि त्या मापांना पूर्वीची किंमत उरलेली नाही. फिशरांचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, पण त्यांनी शिकवलेली मोजण्याची रीत नाकारली नाही, असे म्हणणारे म्हणतात. मला ही टीका अर्धी पटते. तक्त्यात माणूस हरवतो हे खरे, पण त्यांच्या ललित लेखांत तो सापडतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर त्या चालल्या. ही वाट आमच्या जिल्ह्यातून, लोणंद-फलटणवरून जाते. एकाच दिंडीतली माणसे मुखाने एकच नाम घेतात आणि जेवायला जातवार वेगळी बसतात, हे त्यांना फार लागले. कोयनेच्या धरणाखाली गावे गेली तेव्हा उठवलेल्या माणसांचे पुढे काय झाले, याची पाहणी त्यांनी आपली मुलगी जाई निंबकर यांच्यासह केली आणि १९६९ साली ती प्रसिद्ध झाली. म्हणजे शेवटची वर्षे त्या आपल्याच डोंगरांत होत्या.

याच जाईताई फलटणला नांदल्या. त्यांचे यजमान बनबिहारी निंबकर यांनी तेथे १९६८ साली कृषी संशोधन संस्था काढली. त्या संस्थेचे मेंढ्यांवरचे काम आबांना सांगितले तेव्हा ते प्रथमच माझ्या कॉलेजातल्या शिक्षणाकडे वळून बसले. आमची दख्खनी मेंढी दुष्काळात तग धरणारी, मैलोन् मैल चालणारी, पण बहुधा एका वेळी एकच कोकरू देणारी. बंगालमध्ये सुंदरबनाच्या दलदलीत गरोल नावाची चिमुकली मेंढी आहे, ती नेहमी जुळी देते. त्याला एकच जनुक कारण आहे. इरावतीबाईंची नात डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोलचा तो एक जनुक दख्खनी मेंढीत आणला. पहिल्या संकरातली जनावरे लहानखुरी, म्हणून ती पुन्हा पुन्हा दख्खनीशीच लावायची, आणि दर पिढीत रक्त तपासून ज्यांच्यात तो जनुक उतरला आहे तीच पुढे ठेवायची. अशाने अंग दख्खनीचे राहिले आणि जुळी देण्याचा गुण तेवढा आला. सुवर्णा असे त्या मेंढीचे नाव. आबांनी सगळे ऐकून विचारले की, दोन कोकरांना दूध पुरते का, आणि अशी मेंढी उन्हाळ्यात चारा नसताना काय करते. हा प्रश्न अगदी योग्य आहे. चार-पाणी नीट देऊ शकेल त्यालाच ती परवडते. आजीने माणसे मोजली, नात मेंढ्यांची वंशावळ ठेवते, आणि दोघींचेही काम अखेर आमच्या वाड्यापाशी येऊन थांबते, याची मला गंमत वाटते.

इरावतीबाई ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यास वारल्या. पासष्टावे वर्ष चालू होते.

त्यांच्या पुस्तकातला नकाशा मी वहीत काढून दिवाळीच्या सुटीत घरी नेला. आबा कळप घेऊन निघण्याच्या आदल्या रात्री मी तो त्यांच्यापुढे ठेवला आणि मेंढ्याची गोष्ट काढली. तुम्ही मेंढा का बदलता, एवढेच विचारले. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घोंगडी उचलून मेंढरांकडे झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी जाताना त्यांनी आईला सांगितले की, आत्याकडे आताच निरोप धाडू नकोस, पोरीची परीक्षा होऊ दे. परीक्षेनंतर काय, ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

आक्का दर आठवड्याला मुलाला घेऊन एस. टी. ने मिरजेला जाते. त्याला कानाचे यंत्र मिळाले आहे, पण ते त्याला आवडत नाही, काढून टाकतो. बिरोबाच्या जत्रेत गजी ढोल वाजू लागले तेव्हा मात्र तो गर्दीतून थेट ढोलापाशी गेला आणि ढोलाच्या कातड्याला तळहात लावून उभा राहिला. वाजवणाऱ्याने त्याला हाकलले नाही.